मोनॉन बेलची मॅच पहिल्यांदा बघताना

इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात नवीन आहेस आणि वॉबॅश-डीपॉ या दोन छोट्या कॉलेजांची अमेरिकन फुटबॉलची मॅच बघायचीय? जरूर जा. मैदान एक वर्ष वॉबॅशचं गाव क्रॉफर्ड्सव्हिल, एक वर्ष डीपॉचं ग्रीनकॅसल, तेवढं आधी बघ.

नवख्यांची पहिली चूक म्हणजे 'छोटं कॉलेज, तिकीट दारात मिळेल' हा समज. १८९० पासूनचं वैर आहे हे, माजी विद्यार्थी लांबून येतात. तिकीट आधीच काढ.

दुसरी चूक कपड्यांची. वॉबॅशचा लाल, डीपॉचा सोनेरी-काळा. चुकीच्या रंगात चुकीच्या बाजूला बसलास तर टोमणे खायची तयारी ठेव! नोव्हेंबरात बाकडी बर्फासारखी गार असतात, खाली घालायला घोंगडी ने.

नियम? चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा, सुरुवातीला एवढंच पुरे. डावपेचांत आत्ताच शिरू नकोस. पण गुणतक्ता नक्की बघून जा. दोघं एकाच कॉन्फरन्समध्ये (कॉलेजांच्या गटात), त्यामुळे कधी कधी गटाचं विजेतेपद आणि प्लेऑफची, म्हणजे पुढच्या बाद फेरीची, थेट जागा याच शनिवारी ठरते.

शेवटची शिट्टी झाली की लगेच पार्किंगकडे पळू नकोस. जिंकलेली पोरं मोनॉन बेल, म्हणजे विजेत्याला मिळणारी रेल्वे इंजिनावरची ती जड घंटा, बडवतात, ते बघूनच नीघ.