आजोबांच्या ३१५ बोअर रायफलचा ट्रिगर फार जड आहे. पुण्यात घरच्या घरी तो हलका करता येईल का?

घरच्या घरी करू नका. पण तुमची तक्रार रास्त आहे आणि त्यावर इलाजही आहे.

तुम्ही लिहिलंय की रायफल वारसाने तुमच्या लायसन्सवर आली, ट्रिगर ओढताना नळी हलते, गोळ्या खाली जातात, आणि एका व्हिडिओत सीअरला (ट्रिगर ओढेपर्यंत स्ट्रायकर अडवून धरणारा खटका) पॉलिश पेपर मारून ट्रिगर हलका केलेला पाहिलात. तो पॉलिश पेपर आधी बाजूला ठेवा. सीअर आणि कॉकिंग पीस (काडतुसावर आपटणाऱ्या स्ट्रायकरचा मागचा भाग) जिथे एकमेकांना अडकतात, तिथे पोलादाचा फक्त वरचा पातळ थर कडक केलेला असतो. तो घासला गेला की आतला मऊ धातू उघडा पडतो. सुरुवातीला ट्रिगर छान वाटतो, मग झीज वाढत जाते. कोन जरासा जरी चुकला, तरी बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) जोरात बंद केल्यावर रायफल आपोआप सुटू शकते.

आपल्याकडची ३१५ म्हणजे मुळात ली-एनफिल्ड या जुन्या लष्करी रायफलचीच अ‍ॅक्शन (बोल्ट-ट्रिगरची यंत्रणा), त्यामुळे ट्रिगर लष्करी, दोन टप्प्यांचा. ट्रिगरच्या वरच्या टोकाला दोन उंचवटे असतात. पहिला सीअरला टेकलेला असतो तोवर ओढ लांब आणि हलकी. दुसरा टेकला की बोटाला स्पष्ट अडसर जाणवतो, आणि तिथून पुढे थोडा जोर दिला की सुटतो. लष्करी मापात पहिली ओढ ३ ते ४ पौंडांची आणि दुसरी ५ ते ६ पौंडांची, म्हणजे साधारण सव्वादोन ते पावणेतीन किलो. एवढं वजन भरलं तर तुमची रायफल बिघडलेली नाही, ती तशीच बनवलेली आहे.

वजन मोजणं सोपं आहे. मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं ती जागा) डोळ्याने बघा आणि बोट घालूनही खात्री करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग बोल्ट बंद करून रायफल कॉक करा (स्ट्रायकर ताणलेला राहील अशी) आणि बॅगा मोजायच्या काट्याचा हुक ट्रिगरच्या मध्यावर लावून सरळ मागे ओढा. दर वेळी पुन्हा कॉक करून चार-पाच वेळा ओढा आणि आकडे लिहून ठेवा. दर वेळी वेगळाच आकडा येत असेल तर खरा दोष तिथे आहे, आणि तो बहुतेक वेळा सीअरमध्ये नसतो.

या जुन्या बांधणीत ट्रिगर रिसीव्हरला (बोल्ट आणि सीअर धरणारा धातूचा सांगाडा) नाही, तर खालच्या ट्रिगर गार्डला टांगलेला असतो. म्हणजे ट्रिगर आणि सीअर यांच्यामध्ये लाकूड आलं. पुण्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, मार्च-एप्रिलमध्ये सुकून आकसतं, गार्ड त्याप्रमाणे वरखाली होतो आणि ओढ बदलते. गार्डच्या पुढच्या स्क्रूभोवती लाकडात एक छोटी धातूची कॉलर असते, स्क्रू तिच्यावर येऊन थांबावा म्हणून. जुन्या रायफलींत कुणीतरी मागे दुरुस्ती करताना ती हरवलेली असू शकते. मग स्क्रू आवळाल तितकं लाकूड दबत जातं. त्यात वर्षानुवर्षं घट्ट होऊन बसलेलं तेल. नुसती साफसफाई, कॉलर आणि नीट आवळलेले स्क्रू एवढ्यानेही ओढ सुधारते, तेही सीअरला हात न लावता.

किती हलका असावा? बालेवाडीच्या रेंजवर मुलांच्या रायफलींचे ट्रिगर नुसत्या स्पर्शाने सुटताना बघून बऱ्याच जणांना तसाच हवासा वाटतो. स्वप्निल कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळवलं त्या ५० मीटर प्रकारात ट्रिगरच्या वजनाला किमान मर्यादाच नाही. १० मीटर एअर पिस्तुलाला मात्र ५०० ग्रॅमची आहे. पण तिथे रायफल फायरिंग पॉइंटवरच भरली जाते आणि नळी सतत टार्गेटकडे असते. शेतावर, अंधारात, धडपडत चालताना हाती असलेल्या रायफलला तो ट्रिगर जीवघेणा. माझ्या मते दुसरी ओढ दोन किलोच्या खाली आणूच नये. खरं तर ओढ खरखरीत नसून एकसारखी असली, तर अडीच किलोही त्रास देत नाहीत. डमी राउंड (दारू नसलेलं नकली काडतूस) घालून रोज थोडी ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे गोळी न झाडता सराव, करा: पहिली ओढ पूर्ण घ्या, अडसरापाशी थांबा, नेम पक्का करा, मग बोटाचं पहिलं पेर सरळ मागे. नळी हलण्याचं निम्मं कारण यातच सापडेल.

एवढं करूनही ओढ जड किंवा खरखरीत राहिली तर लायसन्स असलेल्या गनस्मिथकडेच जा. शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो, तेव्हा ओळखीच्या लेथवाल्याकडे नेऊ नका. स्वतःचं लायसन्स बरोबर असू द्या, रायफल रिकामी, बोल्ट काढून. त्यांना "हलका करा" असं सांगू नका; "दुसरी ओढ साफ करा, अडकण (सीअर आणि कॉकिंग पीसची पकड) कमी करू नका" असं सांगा.

परत घेताना बोल्ट बसवून रिकाम्या रायफलवर त्यांच्यासमोरच तीन गोष्टी तपासा. बोल्ट जोरात आपटून बंद करा. कॉक करून दस्त्याच्या मागच्या टोकावर रबरी हातोडीने ठोका. सेफ्टी लावून ट्रिगर ओढा, सोडा, मग सेफ्टी काढा. यातल्या कशानेही स्ट्रायकर सुटला तर रायफल तिथेच ठेवून या.