सेवा समितीत नव्याने आलेल्या भावाला

बाळा, आपल्या चर्चच्या मंडळीच्या सेवा समितीत तुझं नाव वाचलं, बरं वाटलं. नाताळच्या शिधावाटपात फोन मात्र खिशातच ठेव. एका वर्षी मीच फोटोचा हट्ट धरला. तांदळाची पिशवी घेतलेल्या आजींनी पदर पार डोळ्यांपर्यंत ओढला. दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, हे बायबलमधलं वचन (मत्तय ६:३) मला संडेस्कूलपासून पाठ. त्या दिवशी कुठे गेलं होतं कोण जाणे.

देण्याआधी घरात काय नाही ते विचार. गॅस संपलेल्या घरी पाच किलो तांदूळ देऊन ते शिजवणार कशावर? बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय पुन्हा वाच, उपाशी माणसाला कोरडे आशीर्वाद देणाऱ्यांबद्दल. घेणारा कुठल्या धर्माचा, उपासनेला येईल का, हे विचारायचंच नाही.

दवाखान्यात प्रार्थना आटोपशीर कर. रात्रभर बाकावर बसलेल्या नातेवाइकाला म्हण, 'तुम्ही घरी जाऊन अंघोळ करून या, तोवर मी बसतो.' नेलेला स्टीलचा डबा परत मागू नकोस. (आमच्या घरी या मुद्द्यावर अजून वाद आहे.)

पंडिता रमाबाईंनी १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली आणि बायका आणल्या. जेवू घालून त्या थांबल्या नाहीत. केडगावच्या मुक्ती मिशन या आपल्या आश्रमात त्या मुलीबायकांना शिक्षण दिलं, शेती, विणकाम, छपाईसारखी कामं शिकवली. आपली समिती पिशवीपाशीच अडते, हे माझं जुनं गाऱ्हाणं.

रविवारी प्रीतिभोजन आहे. वाढायला बरेच जण असतात, पातेली घासायला आम्ही दोघंच. ये.