'फार्मस्टेड'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनजवळच्या ग्रूट कॉन्स्टॅन्शिया या जुन्या द्राक्षमळ्यावर मराठीत लिहायचं आहे, 'फार्मस्टेड'ला, म्हणजे शेतावरचं घर आणि भोवतीच्या इमारती यांना मिळून, 'फार्महाउस' म्हणावं की 'वाडा'?

दोन्ही नको. फार्महाउस म्हटलं की शनिवार-रविवारचं घर डोळ्यांपुढे येतं, आणि वाडा गावात असतो. माझं मत 'शेतवस्ती'ला. सोलापूरकडे रानात राहणाऱ्याला विचारा, "कुठं निघालात?" उत्तर येतं, "वस्तीवर." माझ्या आत्याच्या वस्तीत घर, गोठा, कडब्याची गंज, विहीर, सालगड्याची खोली, सगळं आलं. नुसती 'वस्ती' मात्र शहरातल्या वाचकाला झोपडपट्टी वाटेल, म्हणून आधी 'शेत' हवं.

तिथल्या आफ्रिकान्स या डचमधून आलेल्या भाषेत यासाठी दोन शब्द आहेत. 'ऑपस्टाल' म्हणजे जमिनीवर उभारलेल्या इमारती. 'वॅर्फ' म्हणजे त्यांच्यामधलं आवार, बहुधा बुटक्या पांढऱ्या भिंतीनं वेढलेलं. त्याला अंगण म्हणू नका, अंगण एका घराचं असतं.

ग्रूट कॉन्स्टॅन्शियाची जमीन १६८५ साली केपचा, म्हणजे तिथल्या डच वसाहतीचा, कमांडर सिमॉन फान डर स्टेल याला मिळाली. तिथली 'केप डच' शैलीची घरं म्हणजे चुन्यानं रंगवलेल्या जाड भिंती, दारावर नक्षीदार त्रिकोणी दर्शनी भिंत आणि वर गवती छप्पर. या छपराला आगीचं भय फार. कॉन्स्टॅन्शियाचं घरही १९२५ मध्ये जळालं आणि पुन्हा उभारावं लागलं. या भयापोटीच अशा अनेक घरांत छताच्या फळ्यांवर मातीचा किंवा विटांचा थर देत, पेटलेलं गवत वर कोसळलं तरी खालच्या खोल्या वाचाव्यात. याचं नाव 'ब्रान्तसोल्डर', शब्दशः 'आगीचा माळा'. मराठवाड्यातल्या वाचकाला तो एका ओळीत कळेल: आतून धाबं, वरून गवत. धाब्यात, म्हणजे मातीच्या सपाट छपरातही, लाकडावर मातीच असते, फक्त ती ऊन-पावसासाठी.

आता क्रियापदाचं. 'डचांनी बांधलं' असं लिहू नका, 'बांधून घेतलं' लिहा. मराठीत हा फरक इतका सहज करता येतो, तो सोडू नये. केपमधल्या बांधकामांवर आणि मळ्यांवर मलबार, बंगाल, मादागास्कर, इंडोनेशियातून आणलेली माणसं राबत होती. ही गुलामगिरी कायद्यानं संपली १८३४ साली. त्यांना 'गडी' म्हणणंही चूक. सालगडी सालाच्या बोलीवर येतो. ही माणसं विकत आणलेली होती, तिथे 'गुलाम' हाच शब्द हवा.