वही फाडण्याआधी वाचायची होती

नमस्कार,

तुमचं पत्र चार पानी आहे. त्यात मुलाच्या दहावीच्या 91 टक्क्यांना एक परिच्छेद मिळालाय, अकरावीच्या 64 टक्क्यांना दीड पान, आणि ‘रागाच्या भरात त्याची चित्रांची वही फाडली’ याला अर्धी ओळ. मी त्या अर्ध्या ओळीपाशीच अडकले आहे.

तुमची तक्रार अशी, की बारावी सायन्सचा मुलगा रात्री जागून ‘बाकेमोनोगातारी’ ही जपानी ॲनिमे, म्हणजे ॲनिमेशनची मालिका बघतो. तीत एक मुलगा, त्याच्या अवतीभवती पाच मुली आणि भुतंखेतं. आता जेईई सोडून ॲनिमेशन करायचं म्हणतो. पुण्यातल्या एका क्लासने चार लाख फी आणि शंभर टक्के नोकरी असं सांगितलंय. मुलगा वाया चाललाय का, असं तुम्ही विचारता आणि पुरावा म्हणून फाटक्या वहीच्या दोन पानांचे फोटो जोडता.

साहेब, ते फोटो तुम्ही स्वतः नीट पाहिलेत का? पहिल्या पानावर एकही मुलगी नाही. शाळेचा जिना आहे, उंचावरून खाली पाहिलेला, आणि कडेला पेन्सिलीने लिहिलंय, ‘कॅमेरा इथेच का?’ दुसऱ्यावर रिकामा वर्ग, बाकांच्या रांगा, आणि खाली ‘ओमोइ’ हा शब्द दोनदा, वेगवेगळ्या जपानी अक्षरांत. एकापुढे ‘जड’, दुसऱ्यापुढे ‘मनातलं’. तुमच्या पुराव्याने आरोपीचीच बाजू घेतली आहे.

त्या शब्दाचा उलगडा करते, कारण मुलगा या मालिकेत का गुंतला ते त्यातच आहे. पहिल्या भागात शाळेच्या जिन्यावरून एक मुलगी खाली पडते, नायक तिला झेलतो आणि दचकतो, कारण तिला वजनच नाही. जेमतेम 5 किलो. पुढे कळतं, की आईमुळे वाट्याला आलेलं दुःख तिला सोसवेना, तेव्हा एका खेकडारूपी दैवताने ते ओझं नेलं आणि त्याबरोबर तिचं वजनही गेलं. जपानीत ‘जड’ आणि ‘मनातली भावना’ यांचा उच्चार एकच, त्या श्लेषावर ही कथा उभी आहे. आपणही मन जड झालं, मन हलकं केलं असं म्हणतोच. सतरा वर्षांच्या मुलाला हे आपणहून भिडलं, टिपून ठेवावंसं वाटलं. याला मी वाया जाणं म्हणणार नाही.

निसिओ इसिन यांच्या कादंबऱ्यांवरून शाफ्ट या स्टुडिओने 2009 साली ही मालिका केली. एका नायकाभोवती मुलींचा घोळका हा तिकडचा नेहमीचा मसाला, ‘हॅरेम’ म्हणतात त्याला. इथेही तो आहे. पण अशा मालिका ‘कोण कोणाची’ हे शेवटपर्यंत ताणतात, तर इथे पाचव्या भागातच नायक आणि ती बिनवजनाची मुलगी जोडी जमवून मोकळे होतात. उरलेल्या मुलींची भुतं, म्हणजे गोगलगाय, माकड, साप, मांजर, ही त्यांची न बोललेली दुखणी आहेत. आता दुसरी बाजूही सांगते. शाळकरी मुलींकडे कॅमेरा ज्या नजरेने बघतो, ती मला अनेक ठिकाणी खटकली. मुलाशी त्याबद्दल जरूर बोला. पण वही फाडलेल्या माणसाशी तो बोलेल का?

आणखी एक. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली, दहावीला त्याचे वाढीव गुण मिळाले, हे तुम्ही अभिमानाने लिहिलंय. म्हणजे टक्क्यांत भर पडत होती तोवर चित्रं चालत होती! अकरावीत इंटिग्रेटेड कॉलेजला, म्हणजे कॉलेज आणि जेईईचा क्लास एकत्र, घातलं, सकाळी सहा ते रात्री आठ, आणि चित्रकला बंद झाली. 64 टक्के त्यानंतरचे आहेत. मालिका तर त्याने यंदाच्या मे महिन्यात बघायला घेतली, असं तुम्हीच तिसऱ्या पानावर लिहिलंय.

आता मुलाच्या गैरसमजाकडे वळते. ॲनिमे आवडतं म्हणून ॲनिमेशन, हे गणित त्याने घाईत मांडलंय. या मालिकेत हालचाल तशी कमीच. स्थिर चित्रं, क्षणभर झळकून जाणाऱ्या मजकुराच्या पाट्या, तिरक्या मानेने चाललेले लांबलचक संवाद. त्याच्या वहीतही धावणारं, उडणारं काही नाही. आहे ती चौकटीची रचना, अक्षरं आणि भाषा. चार लाखांच्या क्लासात त्याला थ्री-डी सॉफ्टवेअर शिकवतील. जपानमध्ये जाऊन हेच करायचं म्हटलं, तर नवख्यांना दोन मुख्य चित्रांमधली चित्रं काढावी लागतात, आणि त्याचे पैसे बहुधा चित्रामागे मिळतात, साधारण दोनशे येन. जिन्यावर कॅमेरा कुठे लावायचा, हे ठरवणारी माणसं वेगळी असतात.

म्हणून क्लासची फी आत्ता भरू नका. बी.डेस., म्हणजे डिझाइनच्या पदवीसाठी, यूसीड आणि एनआयडी या डिझाइन संस्थेची डॅट अशा प्रवेश परीक्षा आहेत, सायन्सवाल्यालाही चालतात. बीएफए, म्हणजे ललित कलेच्या पदवीसाठी, कला सीईटी. जेईई तुम्हाला पाठच आहे. यातलं काय निवडायचं, हे मुलाला भेटल्याशिवाय मी सांगणार नाही. पण जपानी मात्र लगेच सुरू करू द्या. जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, पुण्यात केंद्र आहे, आणि एन-फाइव्ह ही पहिली पायरी बारावी सांभाळून जमण्यासारखी आहे. तो पुढे इंजिनिअर झाला तरी ते फुकट जायचं नाही.

त्याआधी त्याची माफी मागा. ‘तुझ्या भल्यासाठीच’ असं शेपूट न जोडता. मग पहिले दोन भाग त्याच्याबरोबर बसून बघा, खेकड्याची गोष्ट तेवढ्यात संपते. (पुढचे एकत्र बघू नका, दोघंही अवघडाल.) जिन्याचं दृश्य आलं की विचारा, कॅमेरा तिथेच का?

वहीची उरलेली पानं मला बघायची आहेत. फोटो पाठवण्याआधी या वेळी त्याला विचारा.