लंडनहून ॲमस्टरडॅमला सामान लादलेली सायकल घेऊन रेल्वे आणि फेरीने जाता येतं का?

हो, येतं. सायकल सुटी न करता, बॅगांसकट जायचं तर इंग्लंडमधलं हार्विच ते नेदरलँड्समधलं हुक ऑफ हॉलंड या बंदरांमधली रात्रीची फेरीच सगळ्यात सोयीची; मी दोनदा असाच गेलोय. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटहून हार्विच इंटरनॅशनलला ट्रेन जाते, थेट नसेल तर मॅनिंगट्रीला बदलायची. हार्विचचं स्टेशन बंदराला लागूनच आहे. फेरीचं तिकीट काढताना सायकल नोंदवा आणि केबिन धरा, रात्रीच्या फेरीला ती सक्तीची असते. मोटारींच्या रांगेतूनच सायकल चालवत बोटीत जायचं आणि भिंतीशी दोरीने बांधायची. प्रवासात मोटारींचा मजला बंद असतो, म्हणून ब्रश, चार्जर, पासपोर्ट आधीच एका लहान पिशवीत काढून ठेवा.

खरी अडचण ट्रेनच्या दारात येते. भरलेली सायकल एकट्याने उचलवत नाही. मागच्या बॅगा झटकन निघतील अशा लावा, आधी सायकल, मग बॅगा.

एकच लक्षात ठेवा: बोट सकाळी ८ च्या सुमारास लागते, आणि हुकहून रॉटरडॅमला जाणाऱ्या मेट्रोत कामाच्या दिवशी ९ पर्यंत सायकल चालत नाही. मी तर म्हणेन, मेट्रो सोडाच. द हेगपर्यंत वाळूच्या टेकड्यांमधून २० किमीच्या आसपास सुरेख सायकलमार्ग आहे, पुढे ॲमस्टरडॅमची ट्रेन पकडा. भारतीय पासपोर्ट असेल तर नेदरलँड्ससाठी शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) वेगळा लागतो, ब्रिटनचा चालत नाही.