ऑलिव्ह ऑइल पहिल्यांदा चाखणार असशील तर

आधी एक सांगतो, ब्रेडला लावून चाखू नकोस, ब्रेडची चव मधे येते आणि तेलाचं खरं रूप कळतच नाही. सकाळची वेळ बेस्ट. परफ्युम नको, आणि निदान अर्धा तास आधीपासून चहा कॉफी सिगरेट सगळं बंद.

छोट्या ग्लासात साधारण 15 मिली तेल घे, ग्लास तळहातावर धर, दुसऱ्या हाताने वरून झाक आणि हळूहळू फिरवत रहा, तेल 28 डिग्रीच्या आसपास कोमट झालं की वास मोकळा होतो. मग हात काढून लगेच हुंग. कापलेलं गवत, कच्चा टोमॅटो, हिरवं सफरचंद असं काही आलं तर मस्तच. जुन्या शेंगदाण्यांसारखा खवट वास आला की तेल गेलेलं समज. रंगावर तर जाऊच नकोस, परीक्षक मुद्दाम निळे ग्लास वापरतात ते रंग दिसू नये म्हणूनच.

आता थोडंसं तोंडात घेऊन जिभेवर सगळीकडे पसरव, दात मिटून फुर्र करून हवा आत ओढ, आवाज होऊ दे, लाजायचं काय त्यात, आणि मग गिळ. घशात झणझणून खोकला आला तर घाबरू नकोस, तो तेलातल्या ओलिओकॅन्थल नावाच्या नैसर्गिक घटकामुळे येतो आणि तो तेलाचा गुण आहे, दोष नाही, कडवटपणाही तसाच. नवीन लोक इथेच फसतात, मिळमिळीत तेलाला चांगलं म्हणून बसतात.

दोन तेलांच्या मधे हिरव्या सफरचंदाची फोड आणि पाणी घे. एका बैठकीत तीन-चारच तेलं ठेव, जीभ थकते रे.