अडीच लाखांची सायकल की बालेवाडीचा ट्रॅक?

प्रश्न : आम्ही यावल तालुक्यात केळी करतो. मुलगी अकरावी सायन्सला आहे, यंदा जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेत रोड रेसमध्ये पहिली आली. शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला ती सगळ्यांना मागे टाकते, असं तिचे सर सांगतात. आता जेईईचा क्लास सोडून सायकलिंगच करायचं म्हणते. जळगावच्या ओळखीच्या सायकलपटूंनी अडीच लाखांची कार्बन सायकल सुचवली आहे. केळीचे पैसे हाती आले की घ्यावी का? आणि यात पुढे पोट भरतं का?

उत्तर : भाऊ, नमस्कार.

ती सायकल यंदा घेऊ नका. पैसे लागणार आहेत, पण वेगळ्या कामाला.

तुमच्या पत्रात मी सरांच्या वाक्यापाशी थांबले. घोळक्यात पुढच्या सायकलीच्या आडोशाला राहून दम राखायचा आणि शेवटी एकदम जोर काढायचा, हे स्प्रिंटरचं लक्षण आहे. अशा मुलीची खरी पारख व्हेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतींच्या उतरत्या कडांच्या गोल ट्रॅकवर होते. तिथे स्प्रिंट या छोट्या पल्ल्याच्या शर्यतीची निवड २०० मीटरच्या वेळेवर ठरते. किरिन नावाच्या दुसऱ्या शर्यतीत सगळ्याजणी आधी मोटारच्या दुचाकीमागे वेग वाढवत जातात, ती बाजूला झाली की उरलेल्या तीन फेऱ्यांत झुंज लागते. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो, गिअर बदलता येत नाही आणि चाक फिरतंय तोवर पाय थांबवता येत नाहीत. हे तिला जमतं का, मुख्य म्हणजे आवडतं का, ते यावल-फैजपूर रस्त्यावर कितीही किलोमीटर काढून कळणार नाही.

महाराष्ट्रात व्हेलोड्रोम पुण्याला आहे, बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात. सिमेंटचा, उघड्यावरचा. दिल्लीत इंदिरा गांधी स्टेडियमला २५० मीटरचा बंदिस्त लाकडी ट्रॅक आहे, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी बांधलेला. अंदमान-निकोबारचा एसो अल्बेन आणि मणिपूरचा रोनाल्डो सिंग लहान वयात दिल्लीला आले, तिथे घडले, आणि २०१९ मध्ये त्यांच्या संघाने टीम स्प्रिंटमध्ये ज्युनिअर जागतिक सुवर्णपदक आणलं. मुलींमध्ये आपल्या विदर्भातल्या मयूरी लुटे आणि शशिकला आगाशे भारतीय ट्रॅक संघातून खेळल्या. म्हणजे गाव लहान असणं आड येत नाही. ट्रॅकपर्यंत उशिरा पोचणं मात्र आड येतं. ज्युनिअर गट १७ आणि १८ वर्षांचा असतो, आणि तिची ती दोन वर्षं आत्ताच आहेत.

म्हणून हे पैसे उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्या पुण्यातल्या राहण्या-जेवण्यावर आणि प्रशिक्षकावर खर्च करा. घरच्या सरावाला वापरलेली, पण तिच्या मापाची अ‍ॅल्युमिनियमची रोड बाइक पुरते. उंचीला मोठी फ्रेम स्वस्तात मिळाली म्हणून घेऊ नका, गुडघे आणि कंबर जातात. हेल्मेट मात्र नवीनच घ्या. ट्रॅकची सायकल सुरुवातीला वापरायला मिळेल का, ते प्रशिक्षकांना आधीच विचारा.

आता पोटाचं. नुसत्या शर्यतींच्या बक्षिसांवर भारतात सायकलपटूचं घर चालत नाही. ऑलिंपिकच्या सायकलिंगमध्ये आपला खेळाडू शेवटचा उतरला तो १९६४ मध्ये, टोकियोला. घर चालतं ते नोकरीवर. रेल्वे आणि सैन्यदलं सायकलपटूंना घेतात, राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. भुसावळ तुमच्या उशाशी आहे, रेल्वेची खेळाडू भरती काय असते हे तुम्हाला मी सांगायला नको. पण या सगळ्याला प्रमाणपत्र लागतं, तेही मान्यताप्राप्त स्पर्धेचं: शालेय राज्य, राष्ट्रीय, किंवा सायकलिंग संघटनेची राज्य आणि राष्ट्रीय अजिंक्यपद. पुढे ते क्रीडा खात्याकडून पडताळून घ्यावं लागतं. गावोगावच्या सायक्लोथॉनची पदकं इथे चालत नाहीत. अठरा पूर्ण झाल्यावर तिला बीआरएम नावाच्या, ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या २००-३०० किलोमीटरच्या फेऱ्यांना बोलावणारेही भेटतील. छंद म्हणून ते फार सुंदर आहे, पण ती शर्यत नव्हे, आणि स्प्रिंटरच्या पायांना तो सराव उपयोगाचा नाही.

जेईईचा क्लास तिला नकोच असेल तर सोडू द्या. अर्ध्या मनाने दोन्हीकडे पळणारी मुलं मी खूप पाहिली आहेत, त्यांचं दोन्हीकडे नुकसान होतं. बारावी मात्र नियमित आणि नीट व्हायला हवी. त्यानंतर पदवीला प्रवेश घेतला की आंतरविद्यापीठ स्पर्धेचं दार उघडतं. पुढे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षक पदविका आहे, फिजिओथेरपी आहे, त्याचा विचार तेव्हा करू.

रोजच्या सरावाबद्दल एक काळजी आहे. केळीच्या ट्रकांच्या रस्त्यावर तिला अंधारात एकटी सोडू नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचं ऊन पाहता सकाळी आठच्या आत घरी यायला हवं. चढाचा सराव खिरोद्याहून पालकडे जाणाऱ्या रस्त्यावर करता येईल, आठवड्यातून एकदा, सोबत कुणीतरी दुचाकीवर.

आणि वजन कमी करायचं म्हणून तिला जेवण तोडू देऊ नका. या वयाच्या मुली ते गुपचूप करतात. स्प्रिंटरला मांड्यांत ताकद लागते, ती भाकरी, डाळ, दूध, अंड्यांतून येते. तासाभराहून मोठ्या सरावात खायला तुमच्या घरचं केळं आहेच, एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं मिळतात. पाळी अनियमित झाली किंवा थांबली तर सराव चांगला चाललाय असं समजू नका, डॉक्टरांना दाखवा. हे तिच्या आईने तिच्याशी मोकळेपणाने बोलावं. जिममध्ये कुणी दिलेली पावडर घेऊ नये. डोपिंगच्या चाचणीत बंदी घातलेलं काही सापडलं तर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही.

पुण्याला निघण्याआधी तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. तिथल्या प्रशिक्षकांना तीन आठवड्यांनी तिची २०० मीटरची वेळ घ्यायला सांगा आणि तिचं वय लिहून ती मला कळवा. ती पाहून दिल्लीच्या निवड चाचणीला पाठवायचं की रस्त्यावरच्या शर्यतींकडे वळवायचं, ते आपण तिघं बसून ठरवू.